अंबरनाथचें देऊळ आणि छायाचित्रकाराचा मोबदला

मुंबईहून कल्याणमार्गें कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथ नांवाचें ठाणें लागतें. ठाण्यापासून थोड्या अंतरावर, वालधुनी नदीच्या कांठीं, काळ्या पाषाणाचें एक प्राचीन शिवालय उभें आहे. तें शिलाहार राजांच्या अमदानींतलें. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर जो लेख कोरलेला आहे त्यांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काल दिला आहे. १८६८ सालीं या देवळापुढें एक निराळीच मंडळी येऊन उतरली. प्राचीन वास्तूंचे आराखडे, ठसे आणि छायाचित्रें तयार करवावीं असें त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारनें ठरविलें होतें, व त्या हुकुमान्वयें मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचें पथक येथें आलें होतें. कोणी मोजमापें घेऊन आराखडे काढले, कोणी मूर्तींवरून ठसे उतरविले, कोणी कांचेवर देवळाची छबी घेतली. या सगळ्याचा खर्च सरकारी तिजोरींतून झाला. काम मोठें होतें, विद्येचें होतें, देवाच्या दारांतलें होतें. तरी तें धर्मादाय म्हणून कोणी करून घेतलें नाहीं.

त्याच अंबरनाथांत, अलीकडच्या उल्हासनगरांत आणि पलीकडच्या बदलापुरांत कॅमेऱ्यावर पोट भरणाऱ्या माणसाला आज मात्र वेगळा अनुभव येतो. मंडळाचा उत्सव असो, शाळेचें स्नेहसंमेलन असो, एखाद्या नव्या दुकानाचें उद्घाटन असो. “दादा, एवढे चार फोटो काढून द्या, पैशांचें मागून बघूं, पण तुमचें नांव होईल,” असे गोड शब्द कानीं पडतात. नुकताच धंद्यांत पडलेला तरुण यानें बुचकळ्यांत पडतो. नाहीं म्हणावें तर ओळख तुटते. हो म्हणावें तर उद्यां दुसराही तेंच मागतो. शेजारचा जुना छायाचित्रकार रागावून म्हणतो कीं, तूं फुकट केलेंस म्हणून माझें गिऱ्हाईक गेलें. हा तंटा आजचा वाटतो. वस्तुतः ही कला ज्या वर्षीं जगापुढें आली त्याच वर्षीं तो तिच्याबरोबर आला.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेर यानें आपली युक्ति फ्रेंच सरकारच्या स्वाधीन केली. सरकारनें तिचें मोल ठरविलें: दागेर यास वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्याचा मृत भागीदार न्येप्स याच्या मुलास ४,००० फ्रँक, तेंही तहहयात. मग ती युक्ति जगाला मोफत म्हणून जाहीर झाली. जगाला ती मोफत मिळाली हें खरें; पण कोणीतरी तिची किंमत आधीं भरली होती, हें विसरून चालणार नाहीं. (शिवाय इंग्लंडांत दागेरनें अगोदरच पेटंट घेऊन ठेविलें होतें, ती गोष्ट निराळी!) इंग्लंडांतला टॅल्बट यानें दुसरा मार्ग धरला. कागदावर छबी घेण्याच्या आपल्या पद्धतीचें पेटंट त्यानें १८४१ सालीं घेतलें, आणि ती वापरणाराकडून तो पैसे मागूं लागला.

तिसरा मनुष्य फ्रेडरिक स्कॉट आर्चर. हा धंद्यानें मूर्तिकार. कांचेवर कलोडियनचा ओला थर देऊन छबी घेण्याची पद्धति त्यानें १८५१ सालीं छापून प्रसिद्ध केली आणि पेटंट घेतलें नाहीं. ही पद्धतिही आपल्याच पेटंटांत मोडते असा टॅल्बटचा दावा होता. १८५४ सालीं न्यायालयांत तो टिकला नाहीं, आणि युरोप-अमेरिकेपासून मुंबई-मद्रासपर्यंत हजारों लोकांनीं आर्चरच्या पद्धतीवर आपले संसार उभे केले. आर्चर स्वतः १८५७ सालीं दारिद्र्यांत वारला. त्याच्या मागें त्याच्या कुटुंबासाठीं वर्गणी जमवावी लागली. एकानें सरकारकडून मोल घेतलें, दुसऱ्यानें प्रत्येकाकडून मागितलें, तिसऱ्यानें कोणाकडूनच घेतलें नाहीं. आणि ज्यानें घेतलें नाहीं त्याच्याच देणगीवर सारा धंदा पुढें वीस-पंचवीस वर्षें चालला. वर्गणी गोळा करणाऱ्यांत त्या देणगीवर श्रीमंत झालेले किती होते, हें पाहण्याजोगें आहे.

अंबरनाथचें काम झालें तेव्हां आर्चरचीच पद्धति सर्वत्र रूढ होती. ती कशी चाले हें पाहिल्याशिवाय मोबदल्याचा प्रश्न नीट उमगत नाहीं. स्वच्छ धुतलेल्या कांचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा. ती कांच अंधाऱ्या तंबूंत चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची. ओली असतांनाच कॅमेऱ्यांत बसवून तिला प्रकाश दाखवावयाचा, आणि थर वाळण्यापूर्वीं पुन्हां तंबूंत नेऊन चित्र प्रकट करावयाचें. उन्हाच्या दिवसांत हा थर भराभर वाळतो. कांच फुटली, पाणी गढूळ निघालें, वाऱ्यानें धूळ बसली, कीं सारें पहिल्यापासून. अंबरनाथचा गाभारा मंडपाहून बराच खालीं आहे. पायऱ्या उतरून जावें लागतें, व तेथें उजेड बेताचाच. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची एवढी दाटी आहे कीं, सूर्य कलला म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. योग्य घटकेची वाट पाहत बसावें लागतें. इतकें करून हातीं येते ती निगेटिव्ह. अंड्यांतल्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर, उन्हांत धरून, तिची छाप काढणें हें काम पुढचें. भिंग विलायतेहून, रसायनें विलायतेहून, आणि चांदी तर चांदीच.

आपल्या गांवगाड्यांत रोख पैसा न घेतां काम करणारे पुष्कळ होते. सुतारानें नांगर दुरुस्त केला, कुंभारानें मडकीं दिलीं, तर तेव्हांच्या तेव्हां कोणी पैसे मोजीत नसे. पण खळ्यावर धान्य आलें म्हणजे त्यांचें बलुतें त्यांच्या पदरांत पडे. तें फुकट काम नव्हतें. मोबदला वर्षानें मिळे आणि ठरल्याप्रमाणें मिळे, इतकेंच. छायाचित्रकार या गांवगाड्यांत कधींच नव्हता. त्याचें साहित्य रोखीचें, त्याचें गिऱ्हाईक एका प्रसंगापुरतें, आणि खळ्यावर त्याचा वांटा नाहीं. म्हणून त्याच्या बाबतींत ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ निराळा होतो. तो जेव्हां फुकट फोटो काढून देतो, तेव्हां आपल्या खिशांतून कांहींतरी भरून देत असतो. कांचेच्या जागीं आतां लहानसें कार्ड आलें, तंबूच्या जागीं संगणक आला. पण यंत्राचा हप्ता, भिंगाची किंमत आणि रात्रभर बसून चित्रें निवडण्याचे तास हे आहेतच. बटण दाबण्यास क्षणच लागतो हें पाहून लोकांस वाटतें कीं कामही क्षणाचेंच आहे.

मुंबईंत या कलेचा प्रवेश झाला तो मात्र बऱ्याच अंशीं फुकट करणाऱ्यांच्या हातून. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यांत लष्करी अंमलदार होते, सरकारी नोकर होते, वैद्यकी करणारे होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद. नारायण दाजींचीं चित्रें सोसायटीच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं. या मंडळींस छायाचित्रणाचे पैसे नको होते, कारण त्यांचें पोट दुसऱ्या कामावर भरत होतें. ज्याच्या चुलीवर दुसऱ्या मिळकतीचें भांडें चढलेलें आहे त्यानें हौस म्हणून काम करावें यांत गैर कांहींच नाहीं. मात्र हौसेच्याही मागें व्यापार उभा राहतो. जॉन्सन व हेंडरसन या दोघांनीं १८५६ पासून ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ ही मासिक मालिका काढली. नांवांत हौशी लोक होते. पण मालिका विकत मिळत होती.

धंदा म्हणूनच ही कला हातीं धरणाऱ्या पहिल्या एतद्देशीयांत हरिश्चंद्र चिंतामण यांचें नांव घ्यावें लागतें. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला होता. तेथें ते शिकले, मुंबईंत त्यांनीं स्टुडिओ थाटला, आणि १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनापर्यंत त्यांचीं चित्रें गेलीं. या गृहस्थांची एक गोष्ट मोबदल्याच्या विषयाला फार लागू पडते. फेब्रुवारी १८७९ मध्यें थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट व मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईस उतरले. हरिश्चंद्र त्या वेळीं मुंबईच्या आर्यसमाजाचे प्रमुख होते. त्यांनीं पाहुण्यांचें स्वागत केलें, त्यांना घरीं उतरवून घेतलें, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यापुढें बिल ठेविलें. ऑल्कॉट यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, त्या बिलांत घरभाडें व जेवणखाण तर होतेंच, पण स्वागतसमारंभांत मांडलेल्या खुर्च्यांचें भाडें आणि त्यांना पाठविलेल्या तारेचा खर्चही होता! या गोष्टीवर आजही हंसूं येतें. पण हंसण्याजोगें काय आहे तें नीट पाहिलें पाहिजे. खुर्च्यांचें भाडें मागणें हा गुन्हा नव्हे. पाहुणचार म्हणून बोलावून मागाहून दर सांगणें यांत खरी गफलत होती. मोबदला घ्यावयाचा तर तो आरंभींच बोलून ठेवावा लागतो. आणि ‘पैशांचें मागून बघूं’ असें म्हणणारा यजमान नेमकी हीच गफलत उलट बाजूनें करीत असतो.

सरकारनेंही एकच रीत सर्वकाळ पाळली नाहीं. पश्चिम हिंदुस्थानांतील प्राचीन वास्तूंचीं चित्रें घेण्यासाठीं मुंबई सरकारनें १८५५ सालीं तोफखान्याचे कॅप्टन बिग्ज यांची नेमणूक केली. पुढें तें काम डॉ. पिगू यांजकडे, व त्यांच्यानंतर नील यांजकडे गेलें. विजापूर, बदामी, ऐहोळे येथील चित्रें निघालीं. पण तीं ग्रंथरूपानें बाहेर येण्यास १८६६ साल उजाडलें, आणि त्याचा खर्च सोसला प्रेमचंद रायचंद व करसनदास माधवदास यांसारख्या कापसाच्या व्यापाऱ्यांनीं. अमेरिकेंतल्या यादवी युद्धामुळें मुंबईंत कापसाचें सोनें झालें होतें, त्यांतला हा अंश. १८६५ सालीं तें सोनें वितळून अनेकांचें दिवाळें निघालें. ग्रंथांचें काम तोंवर हातावेगळें होत आलें होतें हें सुदैवच. मद्रासकडे कॅप्टन ट्राइप हा सरकारी छायाचित्रकार होता. गव्हर्नर ट्रेव्हेलियन यानें १८५९ सालीं हा खर्च चैनीचा ठरवून तें खातेंच बंद केलें. काम चांगलें नव्हतें म्हणून नव्हे. हिशेबाच्या वहींत त्याला जागा उरली नाहीं म्हणून.

याच्या उलट तऱ्हा ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथाची. लॉर्ड कॅनिंग व त्याची पत्नी यांना या देशांतील नाना जातिजमातींच्या तसबिरींचा संग्रह हवा होता. मुलकी व लष्करी अधिकाऱ्यांनीं दौऱ्यावर असतां चित्रें काढून पाठवावीं असें ठरलें. पुढें सरकारनें तें काम आपलेंसें केलें, आणि १८६८ ते १८७५ या काळांत खंड बाहेर पडले. एका खाजगी संग्रहासाठीं हौसेनें दिलेलें चित्र अशा रीतीनें राज्यकारभाराचें साधन बनलें. हौशी माणसानें ज्यासाठीं चित्र दिलें त्याच कामीं तें राहील असा भरंवसा कोणी देत नाहीं. आणि त्या चित्रांत जे बसले त्यांच्या मोबदल्याचा तर विषयच नव्हता.

परंतु या सगळ्याहून बोलका दाखला खुद्द अंबरनाथच्या तुळईवर आहे. भाऊ दाजींना शिलालेख व ताम्रपट यांचा ध्यास होता. त्यांनीं जुनागडहून भगवानलाल इंद्रजी या तरुणास मुंबईस आणविलें, आणि आपल्या खर्चानें त्यास गांवोगांव धाडून लेखांच्या नकला करविल्या. अजिंठ्यापासून नेपाळपर्यंत हा मनुष्य फिरला. तोंडांतून चकार शब्द न काढतां लेखापुढें तासन्‌तास बसून अक्षरन्‌अक्षर उतरविणें हें त्याचें काम. त्याला मोबदला मिळत होता. निबंध मात्र भाऊ दाजींच्या नांवानें सभेपुढें येत. अंबरनाथचा लेखही भाऊ दाजींनीं वाचून प्रसिद्ध केला आणि त्याचा काल शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०, असा दिला. पुढें भगवानलाल यांनीं तोच लेख स्वतः वाचून दाखवून दिलें कीं, पहिला आंकडा सातचा नसून नवाचा आहे. एका आंकड्यानें देवळाचें वय दोनशें वर्षांनीं उतरलें. १८७४ सालीं भाऊ दाजी वारले तेव्हां भगवानलाल त्यांच्याच कामावर नेपाळांत होते. त्यानंतर त्यांनीं आपल्या नांवानें लिहिण्यास आरंभ केला, आणि १८८४ सालीं हॉलंडमधील लायडन विद्यापीठानें त्यांना सन्मान्य पदवी दिली.

येथें भाऊ दाजींना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं पदरचे पैसे खर्चिले, आणि त्यांच्याशिवाय भगवानलाल जुनागडांतच राहिले असते. पण मोबदला आणि नांव या दोन वस्तु निराळ्या आहेत, हें या गोष्टीवरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दिसेल. भगवानलाल यांस पैसे मिळाले तेव्हां नांव मिळालें नाहीं. आजच्या तरुण छायाचित्रकारास नांवाचें आमिष दाखवून पैसे नाकारले जातात. दोन्हीकडे एक वस्तु देऊन दुसरी फिटली असें मानलें जातें. आपल्या भाषेंत ‘मानधन’ असा एक मोठा सुंदर शब्द आहे. त्यांत मान आधीं येतो आणि धन मागाहून. व्यवहारांत पुष्कळदां धन वाटेंतच गळून पडतें आणि नुसता मान घरीं पोंचतो. नांवाचा पत्करही कितपत पाळला जातो हें पाहावें. ज्या उत्सवाचे फोटो नांव होईल म्हणून फुकट घेतलेले असतात, त्यांच्या फलकांवर पुढाऱ्यांचीं नांवें हाताएवढ्या अक्षरांत असतात. फोटो कोणी काढला हें कोपऱ्यांतही नसतें. शिलाहारांच्या लेखांत राजाचें व त्याच्या अमात्यांचें नांव राहिलें, पाथरवटांचीं राहिलीं नाहींत. त्यांतलाच हा प्रकार.

ज्या कलाशाळेचें पथक १८६८ सालीं अंबरनाथास आलें, तिच्याच विद्यार्थ्यांच्या चरित्रांत हा झगडा पुढेंही दिसतो. दादासाहेब फाळके तेथें १८८५ सालीं दाखल झाले. पुढें गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा मांडला. १९०० च्या सुमारास प्लेगनें पत्नी व मूल हिरावून नेलें आणि तो धंदा मोडला. १९०३ सालीं ते पुरातत्त्व खात्यांत आरेखक व छायाचित्रकार म्हणून पगारी नोकरींत शिरले. नंतर चित्रपट काढूं लागले तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं उपाहारगृहांत दहा रुपयांवर राबणाऱ्या साळुंके यांना त्यांनीं पंधरा रुपये देऊं केले. तारामतीचें पात्र दरमहा मोबदल्यावर आलें; पण फिल्मला भोकें पाडणें, ती धुणें, आणि त्यावर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणें हें काम घरांत सरस्वतीबाई करीत होत्या, त्यांच्या नांवें कोणत्या वहींत पगार पडला? घरचें माणूस म्हणून जें काम करून घेतलें जातें त्याचा हिशेब आजही लग्नसराईंतल्या स्टुडिओंत मांडला जात नाहीं.

त्याच शाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांना १९३०-४० च्या दशकांत आरंभींच्या चित्रांचे मुंबईच्या वृत्तपत्राकडून दर चित्रास एक रुपया याप्रमाणें पैसे मिळाले. पुढें त्यांचीं कित्येक चित्रें पति माणेकशा यांच्या नांवाखालीं छापलीं गेलीं, कारण स्त्रीच्या नांवाला वृत्तपत्रसृष्टींत तेव्हां वजन नव्हतें. रुपया मिळाला, नांव दुसऱ्याचें. दिल्लीस नोकरी लागून त्यांचें काम त्यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें तें नंतर. आणि पद्मविभूषण २०११ सालीं, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं.

१९४७ हें वर्ष या विषयांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सेमूर व जॉर्ज रॉजर यांनीं मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. चित्राचा मोबदला तर घ्यावयाचाच, पण निगेटिव्ह आणि हक्क छायाचित्रकाराकडेच राहावयाचे, हा तिचा मूळ करार. त्याच वर्षीं फाळणीनें उखडलेले सिंधी बांधव कल्याणजवळच्या लष्करी छावणींत येऊन पडूं लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. बराकींतून संसार मांडणाऱ्या त्या लोकांजवळ जमीन नव्हती, दुकान नव्हतें. होता तो हातांतला हुन्नर. अशा वस्तींत हुन्नराचा दर ठरविणें ही लोभाची गोष्ट नसते, उद्यांच्या पिठाची असते.

कायद्यानें या प्रश्नांत एक चमत्कारिक पेंच घालून ठेविला आहे, आणि तो धंद्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसतो. १९१४ च्या कायद्यान्वयें निगेटिव्हचा जो मालक तोच चित्राचा कर्ता समजला जाई, व हक्क निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षें टिके. १९५७ च्या कायद्यानें फोटो काढणाऱ्या व्यक्तीला कर्ता ठरविलें. २०१२ च्या दुरुस्तीनें तर हक्काची मुदत कर्त्याच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षें झाली. परंतु त्याच १९५७ च्या कायद्याचें सतरावें कलम असें आहे कीं, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढवून घेतला, तर उलट करार नसल्यास हक्काचा पहिला मालक तो काढवून घेणारा. म्हणजे बदलापुरांतल्या एखाद्या लग्नाचे पैसे घेऊन काढलेले फोटो, लेखी बोलणें झालें नसेल तर, हक्कानें यजमानाचे होतात. आणि मंडळाच्या उत्सवांत नांवासाठीं फुकट काढलेले फोटो हक्कानें छायाचित्रकाराचेच राहतात! जें मंडळ पैसे न देतां फोटो घेतें आणि पुढच्या वर्षीं ते फलकावर, पत्रकांत, जाहिरातींत परवानगीवांचून छापतें, तें दुसऱ्याची वस्तु वापरीत असतें. दोघांनाही हें माहीत नसतें, म्हणून तक्रार होत नाहीं, इतकेंच.

यावरून फुकट काम करणें फायद्याचें असा अर्थ कोणी काढील तर तें चूक होईल. हक्क कागदावर असून पोट भरत नाहीं. पण यावरून एक गोष्ट मात्र उघड होते. पैसे घ्यावे कीं न घ्यावे हा सबंध प्रश्न नव्हेच. कामाच्या आधीं काय ठरलें हा प्रश्न आहे. दिवसाचा दर किती, चित्रें किती द्यावयाचीं, मूळ चित्रें कोणाजवळ राहावयाचीं, यजमानानें तीं कशासाठीं वापरावयाचीं, खालीं नांव छापावयाचें कीं नाहीं. ह्या चार-पांच ओळी एका चिठ्ठीवर लिहिल्या व दोघांनीं सह्या केल्या, म्हणजे सतराव्या कलमांतला ‘उलट करार’ तोच. हरिश्चंद्र चिंतामणांच्या बिलाची फजिती त्यानें टळते, आणि भगवानलालांची अनामिकताही.

आणि तरीही जेथें देणें शोभतें तेथें द्यावें. २००५ च्या जुलैंत उल्हास व वालधुनी या नद्यांनीं ही तिन्ही गांवें बुडविलीं. २०१९ च्या जुलैंत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून हजाराच्या वर उतारू मदतीची वाट पाहत बसले. अशा दिवशीं कॅमेरा हातीं असलेला माणूस दर विचारीत नाहीं, आणि विचारूंही नये. पाणी कोठपर्यंत आलें होतें हें दाखविणारें त्याचें चित्र पुढें नुकसानीच्या पंचनाम्याला उपयोगी पडतें. शेजारच्या गरीब घरच्या मुलीचें लग्न, गांवच्या वाचनालयाचा कार्यक्रम, जुन्या देवळाच्या झिजत चाललेल्या मूर्तींची नोंद. हीं कामें कोणी आपण होऊन फुकट करील तर त्याला अडविणारा जुना धंदेवाईक चुकतो. त्यानें गिऱ्हाईक पळविलेलें नसतें, कारण तेथें गिऱ्हाईकच नव्हतें. मात्र जेथें मांडववाल्याला पैसे मिळतात, आचाऱ्याला मिळतात, वाजंत्र्याला मिळतात, दिव्यांच्या माळा लावणाऱ्याला मिळतात, आणि एकट्या छायाचित्रकारासच नांवावर समाधान मानण्यास सांगितलें जातें, तेथें मागणाराच्या मनांत दान नसतें, वेठ असते. नवशिक्यानें शिकण्यासाठीं दोन-चार कामें पदरमोड करून करावीं. पण बिल लिहावें, त्यावर पूर्ण रक्कम मांडावी आणि खालीं सूट दाखवावी. मग दिलें किती हें देणाऱ्यासही कळतें आणि घेणाऱ्यासही.

अंबरनाथचें देऊळ आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. श्रावणांत आणि महाशिवरात्रीस तेथें माणसांची रीघ लागते, आणि जो तो आपल्या खिशांतल्या फोनवर गाभाऱ्याचीं, शिखराचीं, उत्तरेकडील दाराचीं चित्रें घेतो. त्याला कोणी हरकत करीत नाहीं. पण त्याच आवारांत व्यवसायासाठीं चित्रीकरण करावयाचें झाल्यास खात्याचा परवाना काढावा लागतो, आणि त्याचें शुल्क अगोदर भरावें लागतें.